बोर्डाशेजारची खुर्ची

बायको रडत होती. डोळ्यात काही गेल्यासारखं नाही, चांगली रुमालात नाक शिंकरत रडत होती. आणि तिला रडवणारा कोण, तर स्टेजवर कीबोर्ड वाजवणारा चष्मेवाला!

वायरमन तिच्याकडे बघतच राहिला. लग्न झाल्यापासून ती त्याच्या कीबोर्डला 'टुणटुण' म्हणत आली होती. हा वाजवायला बसला की तिला नेमका मिक्सर लावायचा असायचा. शेवटी बिचाऱ्याने कानाला हेडफोन लावून वाजवायची सवय करून घेतली. तिने एकदा तरी आपलं वाजवणं शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. आज हातापाया पडून तिला कीबोर्ड क्लबच्या कार्यक्रमाला आणलं, तर ही दुसऱ्याच्या वाजवण्यावर पाघळली.

"याला म्हणतात हात," ती कुजबुजली. "बघा जरा. शिका काहीतरी."

झालं! वायरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा चष्मेवाला क्लबात आला कालपरवा. दिवसभर दुकानात चष्मे विकायचे आणि संध्याकाळी इथे येऊन लोकांना हसवायचं, एवढंच त्याला येत होतं. साधी सरगम वाजवताना त्याची बोटं एकमेकांत अडकायची. मघाशी सासऱ्यांच्या कवळीचे किस्से सांगून त्याने हॉल लोळवला, तिथवर ठीक होतं. पण शेवटचा सोलो? तो वायरमनचा होता. गेल्या आठवड्यात चष्मेवाल्यानेच खांद्यावर हात टाकून सांगितलं होतं, "तुमचा सोलो काढलाय हं. राग मानू नका. तुम्ही आपलं वायरींचं बघा." आणि क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी त्यावर मान डोलावली होती.

मागच्या वर्षी वायरमन स्टेजवर गेला होता, हे खरं. समोरची माणसं बघून त्याची बोटं गारठली. मग 'वायर सैल आहे' असं म्हणत तो टेबलाखाली शिरला आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर आलाच नाही, हेही खरं. म्हणून काय माणसाने जन्मभर स्टेजखाली, विजेच्या बोर्डाशेजारच्या खुर्चीवर बसायचं?

वर चष्मेवाला वाजवत होता. धून तीच, क्लबातल्या प्रत्येकाने बडवून बडवून चोथा केलेली. पण आज कीबोर्डवर लावलेल्या बासरीच्या आवाजात ती नवीकोरी वाटत होती. एका ठिकाणी तर सूर खाली उतरता उतरता किंचित थांबला, पुढे जावं की नको असं झाल्यासारखा, आणि मग अलगद उतरला. मागे कुणीतरी "आहाहा" म्हणालं. बायकोने पुन्हा रुमाल काढला.

वायरमनला बसवेना. इतकं साधं, इतकं सुंदर! मेल्या, हे तुला कुठून सुचलं? मला का नाही सुचलं? बोटं झिजवायची मी, आणि हा उपटसुंभ येतो काय, माझा सोलो घेतो काय, माझ्या बायकोला रडवतो काय!

त्याचा हात खाली गेला. आजवर एकाही कार्यक्रमात त्याने दिवा लुकलुकू दिला नव्हता, त्याचा त्याला कोण अभिमान. त्याच हाताने त्याने कीबोर्डची पिन धरली आणि ओढली.

धून मध्येच तुटली. दिवे चालू, माइक चालू, फक्त कीबोर्ड मुका. वायरमनच्या जिवाला थंडावा मिळाला. क्षणभरच.

कारण वर चष्मेवाल्याची बोटं अजून पट्ट्यांवर नाचतच होती. आवाज गेल्याचं त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं. लोक हसायला लागले.

"घ्या!" तो माइकमध्ये म्हणाला. "माझी गंमतच गेली की हो. पुढच्या ओळीला मी दोन्ही हात वर करणार होतो आणि कीबोर्ड आपला आपण वाजत राहणार होता. मला कुठलं येतंय असलं वाजवायला?"

हॉल खदखदला. वायरमन हसला नाही.

"वाजवणारा वेगळाच आहे. तालमीला हा गृहस्थ सवयीप्रमाणे हेडफोन लावून तल्लीन झाला होता. मी हळूच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. नंतर पियानो काढून बासरीचा आवाज लावला, म्हणजे त्याचं त्यालासुद्धा कळायला नको. त्याचा सोलो मी मुद्दाम काढला. आधी सांगितलं असतं तर तो आज घरातून निघालाच नसता. रेकॉर्डिंग बंद पडलं ते एका परीने बरंच झालं. राहिलेलं आता ज्याचं आहे तोच वाजवेल. वायरमनसाहेब, या वर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळा हॉल वळून बोर्डाकडे बघू लागला.

वायरमनचे कान तापले. सूर थांबला होता ती जागा त्याला आता ओळखू आली. तिथे त्याची करंगळी नेहमीच पट्टी शोधत राहायची. दुसरं काही नाही. मघापासून आपण कुणावर जळत होतो हे कळल्यावर त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने पिन घाईघाईने मुठीत लपवली.

बायकोने ती पाहिलीच. तिने त्याच्या मुठीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ती पिन लावा आधी आणि वर जा. मला पुढचं ऐकायचंय."