दलदलीतली वाट

दलदलीत वीस पावलं आत जाऊनही राजाच्या मोजणीदाराचे बूट कोरडेच होते. थॉमसिनला तेच खटकत होतं.

परका माणूस इथे पाचव्या पावलाला गुडघाभर रुतायचा. हा मात्र लव्हाळ्यांतून स्वतःच्या अंगणात फिरावं तसा चालला होता. मागे दोघे अंतर मोजायची साखळी ओढत होते. काठावर अख्खं विन्फ्लीट गाव उभं होतं. राजाचा नवा कायदा साधा होता. दोन गावांची चर्चं चालायच्या वाटेने मैलाच्या आत असली, तर पाद्री एक आणि चर्चही एकच. अंतर मैलाच्या आत भरलं, की विन्फ्लीटच्या चर्चला कुलूप, छपरावरचे शिशाचे पत्रे लिलावात, आणि रविवारची प्रार्थना पलीकडच्या हार्सबीत. थॉमसिनची दोन लेकरं या चर्चच्या भिंतीलगत पुरलेली होती. कुलूप लागलं की त्यांच्यावर मेंढ्या चरणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

म्हणून तर साऱ्या गावाने बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं, की दलदलीतून वाटच नाही, पुलावरून वळसा घेत तीन मैल पडतात. देव माफ करो, वाट होती. पण ती ठाऊक असलेली माणसं जेमतेम चार, आणि चारही विन्फ्लीटचीच.

"काय रे वॅट," ती शेजारी उभ्या, त्या चौघांतल्याच कोळ्याला म्हणाली, "हार्सबीच्या बाजारात तुझी वाम हल्ली फार खपते म्हणे?"

"खपते की. तुझ्या का पोटात दुखतंय?"

"वामच विकतोस ना? का आणखी काही विकून आलास?"

वॅट लालबुंद झाला. "तोंड सांभाळ, वहिनी! माझा बाप पुरलाय त्या चर्चपाशी."

"बरोबर बोललीस तू," तिचा नवरा अँब्रोज म्हणाला. जन्मभर तो याच दलदलीत लव्हाळे कापत आला होता. "चोराच्या मनात चांदणं. बघ कसा तडकला!"

थॉमसिनला बरं वाटलं. चारचौघांत नवरा असा तिच्या बाजूने क्वचितच बोलायचा.

तेवढ्यात मोजणीदार थांबला. तिथे एका वाळक्या खुंटापाशी वाट फुटत होती. डावीकडे घट्ट जमीन होती, उजवीकडे बैल गिळणारा चिखल. जा बाबा, उजवीकडेच जा, असं थॉमसिन मनातल्या मनात म्हणत राहिली.

मोजणीदाराने वळून काठाकडे पाहिलं. गर्दीत तो कुणाला तरी शोधत होता.

थॉमसिनने झटकन वॅटकडे पाहिलं. वॅट डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होता.

तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या अँब्रोजने हनुवटी हळूच डावीकडे वळवली.