खोऱ्याची जीभ

"आधी तू घे," म्हणत बाईंनी पेला सुनेच्या हातात दिला. "आणि तोंड वाकडं करू नकोस. वाईन आहे, काढा नाही."

सुनेने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला.

समोर स्टुलावर एका वाईन कंपनीचा पारखी बसला होता. चव घेण्याचा पगार मिळणारा माणूस. तळघरात पाच पिंपं होती आणि त्यांतल्या एकातलीच वाईन खोऱ्याच्या नावाने बाटलीत भरायची होती. कुठली, ते त्याने सकाळीच चाखून ठरवलं होतं आणि कागदावर लिहून कागद खिशात घातला होता. बाईंची निवडही तीच निघाली, तर काढणीचा दिवस आणि पिंपाची निवड पुढची दहा वर्षं याच घराकडे राहणार होती. नाहीतर इथली द्राक्षं गाड्या भरून कंपनीत जाणार, दहा ठिकाणच्या मालात मिसळणार. नकाशावर बोट ठेवलं की झाकलं जाणारं हे खोरं मग बाटलीवरही उरणार नव्हतं.

"आधी यांना का देता?" पारख्याने विचारलं.

"शिकवते आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली, अजून आंबट आणि कोवळं यातला फरक कळत नाही हिला."

सून तशीही फारसं बोलत नसे.

बाई शाळेत गेल्या त्या दोन इयत्ता. पाटी धड वाचता आली नाही, पण बाग वाचता आली. नदीकडच्या ओळींवर धुकं किती वेळ बसतं, वरच्या दगडाळ उतारावर मणी लहान का राहतो, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. काढणीच्या आधी त्या घड हातात घेत, मणी चिमटीत दाबत, बी उन्हात धरून बघत आणि मग दाताखाली फोडत. बी कडू लागली की "थांबा". भाजल्यासारखी खमंग लागली की "उद्या". त्या एका शब्दावर सगळं खोरं कात्र्या घेऊन बागेत उतरायचं. लोक त्यांना खोऱ्याची जीभ म्हणत. तोंडावर आदराने, आणि पाठीमागे जरा वेगळ्या कारणाने.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात घरात ताप शिरला. सासू एका खोलीत, सून दुसऱ्या खोलीत, तीन आठवडे. ताप उतरला, पण बाईंच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. काहीही खा, ओला कागद चघळल्यासारखं. डॉक्टर म्हणाला, येईल. आली नाही. बाईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. मुलाला तर नाहीच, त्याच्या पोटात काही राहत नसे.

त्यांनी वाट काढली. घड असो की पेला, आधी सुनेला द्यायचा आणि तिच्या तोंडावर नजर ठेवायची. ओठ दुमडले की कच्चं. नाक आक्रसलं की बिघडलं. डोळे क्षणभर मिटले की हेच. सून साधी, जे मनात ते चेहऱ्यावर. मागच्या दोन्ही वर्षांची वाईन अशी उतरली की कंपनी आपल्या पायाने चालत आली.

आता बाईंनी पहिला पेला झरोक्याच्या उजेडात धरला होता, तिरपा करून कडेचा रंग बघितला होता आणि सुनेला दिला होता. सुनेचे ओठ दुमडले होते. बाईंनी आपला घोट घेतला.

"पोरकट आहे. आणखी वर्षभर झोपू दे."

दुसऱ्यालाही तसंच. "नदीकाठचं. गोड बोलतं आणि लगेच विसरतं."

तिसऱ्याला सुनेचं नाक आक्रसलं. "यात नुसतं पिंपाचं लाकूड बोलतंय. द्राक्ष बिचारं गप्प."

चौथा पेला बाईंनी उजेडात जरा जास्त वेळ धरला. सुनेने घोट घेतला आणि तिचे डोळे मिटले.

बाईंनी सावकाश गिळलं. थुंकल्या नाहीत.

"हे. वरच्या उताराचं, उशिरा काढलेलं. पाचवं चाखायची गरज नाही, पण तुम्ही पेला धुतलाय तर चाखते."

पारख्याने खिशातला कागद काढून पिंपावर ठेवला. त्यावर चार लिहिलं होतं. तो उठून उभा राहिला.

"तीस वर्षं हे काम करतोय. या चारावर यायला मला अख्खी सकाळ लागली."

"तुम्हाला शिक्षण आडवं आलं," बाई म्हणाल्या.

तो मनापासून हसला. कराराचा कागद आणि पेन पुढे करून म्हणाला, "जिच्या जिभेवर विश्वास ठेवायचा, तिची सही इथे. मी गाडीतून शिक्का घेऊन येतो."

त्याची पावलं जिन्यावरून वर गेली. बाईंनी पेन उचललं, कागदावर टेकवलं आणि परत उचललं. मग ते सुनेपुढे धरलं.

"सही तू कर."

"मी कशाला?"

"मला चव कळत नाही. त्या तापापासून. तीन वर्षं तुझं तोंड बघून सांगते आहे सगळं." बाई पिंपाकडे बघत बोलत होत्या. "पुन्हा ऐकायला मिळायचं नाही, तेव्हा नीट ऐक. तुझ्यासारखी जीभ या खोऱ्यात झाली नाही. माझीसुद्धा नव्हती."

सुनेने पेन घेतलं आणि ते सासूच्याच बोटांत परत बसवलं.

"आई, त्या तापात माझीही चव गेली," ती म्हणाली. "पेला उजेडात धरला की तुमचं तोंड जसं होतं, तसंच मी माझं करते."