लढून आलेलं विमान

हितेंद्रने हवाई दलातून बाद झालेलं लढाऊ विमान लिलावात घेतलं होतं. नीट करून ते एका मॉलला शोभेसाठी विकायचं होतं. लोअर परळच्या बंद गिरणीच्या शेडमध्ये घाडीकाका महिनाभर त्यावर खपले. एकाहत्तरच्या युद्धात ते हवाई दलात फिटर होते. रंगाचा शेवटचा हात वाळला तरी हितेंद्रचं तोंड वाकडंच. "काका, फारच कोरं दिसतंय. गोळ्यांची चारपाच भोकं पाडा ना. लढून आलेलं वाटलं की भाव डबल होतो." तसलं एक खरं भोक काकांनी युद्धात बुजवलं होतं. आणि त्याआधी सीटवर साचलेलं वैमानिकाच्या मांडीतलं रक्त पुसलं होतं. त्यांनी ड्रिल उचललं, कॉकपिटला शिडी लावली. "चढ वर. आत बस." "मी कशाला?" "तुझी मांडी कुठे येते ते बघतो. भोक नेमकं तिथेच पडलं पाहिजे."