नव्या बाईंचं पाऊल
कोळवण खोऱ्यातल्या या शाळेवर रुजू होतानाच मी ठरवलं होतं, पहिली संधी मिळताच बदली मागायची आणि चांद्याला, घराजवळच्या शाळेत जायचं. आज शाळेचा पहिला दिवस. पहिलीत आलेली मुलं परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसा उमटवत होती आणि आया ते कागद भिंतीवर चिकटवत होत्या. शेवटचं मूल झालं, तशी मी परात उचलायला वाकले. शाळा समितीच्या अध्यक्ष रत्नाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमीबी नव्याच की. काढा चप्पल." "अहो, हे मुलांसाठी असतं," मी म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. माझं भलंमोठं लाल पाऊल त्या चिमुकल्या पावलांशेजारी लागलं, तेव्हा पहिलीतली जुईली म्हणाली, "बाईपण आमच्याच वर्गात." सगळे खदखदून हसले, मीसुद्धा. रत्नाबाईंनी पाय पुसायला फडकं दिलं. "मागच्या बाईंचं पाऊल घ्यायचं ऱ्हायलं. दिवाळीलाच बदली घिऊन गेल्या त्या. हितला नियम येकच हाय. पहिलीत पाऊल उठवलं, की चौथी पास झाल्याबिगर शाळा सोडायची न्हाई." मी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. माझ्या पावलाची करंगळी जुईलीच्या टाचेला टेकली होती. "आणि मी चौथीत नापास झाले तर?" मी विचारलं. रत्नाबाईंनी परात उचलली. "मग तर लई बरं. परत पहिलीत बसवू."