खोकला

गाणं सुरू झालं. दिमडी वाजली, तुणतुणं लागलं, आणि हरिबांचा आवाज जिथं यायला हवा तिथं काहीच आलं नाही.

जास्मिननं घाईघाईनं गाणं थांबवलं. लॅपटॉपच्या पडद्यावर दिमडीच्या पट्ट्या भरलेल्या होत्या. दिमडी-तुणतुणं तिनं कंप्युटरमधूनच वाजवलं होतं. आवाजाच्या पट्ट्या मात्र कोऱ्या, आणि प्रत्येकीवर तीच लाल ओळ: फाइल सापडत नाही.

समोर सतरंजीवर अणदूरचे हरिबा वाघ्या बसले होते, शेजारी त्यांची सून दीपमाला. दोघं सकाळच्या एसटीनं उमरग्याला जास्मिनच्या घरी आली होती, फक्त गाणं ऐकायला. खंडोबाच्या यात्रेत भोंग्यावर हेच लागणार होतं, कारण हरिबा आता गाणार नव्हते. तीन महिन्यांपूर्वी सोलापुरात त्यांचं स्वरयंत्र काढलं. गळ्याच्या भोकावर धुतलेलं पांढरं फडकं बांधलेलं होतं. आता ते हातानं आणि भुवयांनी बोलत, आणि ते फक्त दीपमालाला कळे.

"लागंल की," दीपमाला म्हणाली. "मशीनीलाबी जरा दम खाऊ द्या, मामा."

जास्मिन गॅलरीत गेली आणि अल्ताफला फोन लावला. ऑपरेशनच्या आधी रेकॉर्डिंग या चुलतभावाच्या दुकानातल्या जुन्या कंप्युटरवर झालं होतं.

"भाई, मशीन चालू कर ना. आबा का आवाज उसमेंच रह गया."

"कल फारमेट मारा ना मैं," अल्ताफ म्हणाला. "दूसरे को दिया भी. तूच बोली थी, सेव हो गया करके."

बोलली होती खरी. परत येऊन तिनं पेनड्राइव्ह उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. दर वेळी तेच दोन. एक प्रोजेक्टची फाइल. दुसरा फोल्डर, खोकला.

त्या दिवशी पेनड्राइव्हवर कॉपी करताना अल्ताफच्या पडद्यावर ‘खंडोबा’ आणि ‘खोकला’ हे फोल्डर एकाखाली एक होते. लाइट जायची वेळ झाली होती, अल्ताफ शटर ओढायला उभा, आणि तिचं बोट एक ओळ खाली पडलं. नाव तिनंच दिलेलं. गाता गाता हरिबांना ठसका लागला की ती तेवढा तुकडा त्या फोल्डरमध्ये टाकायची. तेव्हा सगळ्यांनाच त्याचं हसू यायचं, हरिबांनाही.

आता हरिबा तिच्याकडेच बघत होते. जास्मिननं केबल काढून पुन्हा खोचली, स्पीकर उगाच पुसला. लॅपटॉप बिघडलाय, पुढल्या आठवड्यात या, असं सांगावं का? चार वेळा ते तोंडापर्यंत आलं.

"गेलं का गं?" दीपमालानं सरळ विचारलं.

"व्हय, वैनी." जास्मिनला रडू फुटलं. "आबा, माझ्याच हातनं गेलं. गाणं न्हाय राहिलं. नुसता खोकला आलाय."

हरिबांची मान खाली गेली. बराच वेळ ते सतरंजीचा दोरा ओढत बसले. मग त्यांनी लॅपटॉपकडं बोट केलं आणि मनगट फिरवलं.

"जे हाय ते लाव म्हनत्यात," दीपमाला म्हणाली.

"नगं, आबा. ते ऐकण्यासारखं न्हाय."

मनगट पुन्हा फिरलं.

जास्मिननं पहिला तुकडा लावला. खणखणीत आवाजात दीड ओळ आली, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर खोकला. लांबलचक, छातीतून उपसून काढलेला. हरिबांचा हात आपसूक गळ्याच्या फडक्यावर गेला. जास्मिन बंद करायला पुढं झाली, पण त्यांनी दुसऱ्या हातानं तिला अडवलं.

खोकला थांबला. मग स्पीकरमधून हरिबा बोलले, गाण्यातले नव्हे, घरातले, त्रासलेले:

"बंद कर गं ते जास्मिन. आन दीपे, पानी आन की. कुठं ध्यान हाय तुजं?"

"आनते, मामा," म्हणत दीपमाला उठली. पदर खोचला, कोपऱ्यातल्या माठापाशी गेली आणि पेला भरूनही घेतला. मग तिथंच थबकली, त्यांच्याकडं पाठ करून. तिचे खांदे हलत होते.

"आन लवकर," स्पीकरमधून आवाज आला.

सतरंजीवरून हरिबांनी पाण्यासाठी हात पुढं केला.