मोठा फ्यूज

लेकीला म्हणून काही सोसायचं नाही. नवऱ्यानं जरा आवाज चढवला, की हिची पिशवी आईच्या दारात. दर वेळी आईनं समजावून परत पाठवायची आणि दर वेळी हिनं परत यायचं. लग्न होतं की ये-जा करायचा खेळ!

"बाहेरून कुलूप लावून जातो गं तो," लेक म्हणाली. "दिवसभर. या वेळी मला पाठवू नकोस, आई."

"मग आत बसून घर सांभाळावं. मला काय सासरी वारा घालायला माणसं होती? तोंडाला आवर घाल, संसार आपोआप चालतो."

लेक रडली, भांडली, शेवटी ओरडली. समोरच्या शेजारणीनं खिडकी उघडली. आईनं दात आवळले. "गप्प! एक शब्द नको."

लेक गप्प झाली ती झालीच. उशीर झाला, पण पोर शहाणी झाली, असं आईला वाटलं.

जावई न्यायला आला तो दिसायच्या आधी ऐकू आला. फाटकाबाहेर गाडी धाडधाड वाजत होती. कपाटातल्या बशा थरथरल्या. चहाला आत बोलावलं तर म्हणतो, "तुम्हीच बाहेर या आई, आवाज बघा." पुढच्या सीटखाली नवा ॲम्प्लिफायर, डिकीत ट्रंकेएवढा स्पीकर.

"एवढ्या धिंगाण्याला वीज कुठली हो, जावईबापू?"

"रेडिओच्याच तारेवरून घेतली. गाडीबरोबर आलेली तार आहे, फुकट कशाला घालवायची? तो फिटर म्हणे, बॅटरीवरून वेगळी जाड तार ओढा. हिनंही तेच टुमणं लावलं होतं." तो हसला. "आधी फ्यूज सारखा उडायचा. जरा आवाज वाढवला की फट्! मग दुप्पट मोठा टाकला. आता बघा, हूं नाही की चूं नाही."

लेक मुकाट्यानं मागच्या सीटवर बसली. जावई पुढे बसला आणि त्यानं आवाज पार वर नेला. प्रत्येक ठोक्याला गाडीचे दिवे मान टाकत होते. मग रबर जळल्याचा वास आला, आणि रेडिओच्या मागून काळा धूर.

"तार पेटली!" जावई दार उघडून बाहेर पळाला. बॉनेट वर करून बॅटरीच्या तारा ओढायला लागला.

लेक आतच होती. मागची दारं आतून उघडत नव्हती. लहान मुलांनी उघडू नयेत म्हणून असते ती कळ त्यानं लावून ठेवली होती. घरात मूल नव्हतं. धूर काचेला भिडला. लेक मांडीवर पिशवी धरून बसली होती. काचेवर थाप नाही, हाक नाही. नुसती आईकडे बघत होती.

आईनं धावत जाऊन बाहेरून दार ओढलं. लेक उतरली. खोकला आला, तर तोही तिनं तोंडावर हात ठेवून दाबला.

धूर विरला. जावई काळवंडलेल्या हातांनी घाम पुसत होता. "लहान फ्यूजच बरा होता," तो म्हणाला. "उडत होता तोवर तार तरी शाबूत होती."

आई लेकीच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"चल," जावई बायकोला म्हणाला. "दुसरी गाडी बघतो."

लेकीनं पिशवी उचलली. निघालीसुद्धा.

आईनं तिचं मनगट धरलं, पिशवी हिसकून फाटकाच्या आत भिरकावली. समोरची खिडकी पुन्हा उघडली होती. आई त्या खिडकीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं लेकीला म्हणाली,

"ओरड! पोटात साठलं असेल तेवढं ओरड. तुला गप्प बस म्हणणारी आज मेली असं समज."