सोळा चौकटी

"मम्मा, या डॉटरला नेमच नाहीये," मिहिका म्हणाली आणि गोंदाची कांडी हवेतच धरून थांबली.

जेवणाच्या टेबलावर चार्ट पेपर पसरला होता. वर मधोमध मुकुट घातलेली राणी एलिनॉर, सातशे वर्षांपूर्वी स्पेनकडून इंग्लंडच्या राजाला दिलेली. खाली तिच्या सोळा लेकरांच्या सोळा कागदी चौकटी चिकटवायच्या होत्या. प्रोजेक्ट उद्या शाळेत द्यायचा.

"मिसने काय सांगितलंय?" ममताने विचारलं.

"जस्ट राइट डॉटर. मग इयर आणि प्लेस. राणी हजबंडबरोबर वॉरला गेलेली ना, खूप लांब. सो ही तिकडेच झाली. तिकडेच डाय झाली."

"तिकडेच पुरली?"

"आय गेस."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई चष्मा लावून लिहीत होत्या. घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची होती. या घरचा फॉर्म त्यांनी रत्नागिरीहून दुबईपर्यंत साडीच्या घडीत जपून आणला होता. रोशन, शेजारी ममता, खाली मिहिका. अक्षर कसं मोत्याचे दाणे.

दोन वर्षं ओठांवर येऊन माघारी फिरलेलं वाक्य ममताच्या तोंडून आज निघालंच. "आई, मिहिकाच्या खाली त्यालाही लिहा ना. नाव नको. नुसतं मुलगा."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "सात दिवसांचा होता तो. बाराव्याला बारसं, मग नाव, मग कूळ. बारशाआधी गेलेल्याला यात कधी घेतलंय? माझेच दोन गेले. जुन्या पुस्तकात शोध बरं, सापडतात का."

"म्हणून तर म्हणते."

"म्हणून काय? मी बसले का रडत? तिसऱ्या वर्षी रोशन झाला. खालची ओळ मोकळी ठेवलीय मी. वय आहे अजून तुझं." आणि त्या चहा ठेवायला उठल्या.

ममताने मिहिकाच्या उरलेल्या कागदातून एक पट्टी कापली. मुलगा, २०२३, दुबई. मोकळ्या ओळीवर चिकटवली आणि तळवा ठेवून दाबून धरली, ताप बघायला कपाळावर ठेवावा तसा.

सासूबाई कप घेऊन आल्या. त्यांनी पाहिलं. गोंद अजून ओला होता. नखाने कोपरा उचलला तशी पट्टी अख्खी सुटून आली.

"छापायला जायचाय गं फॉर्म," त्या म्हणाल्या, आणि पट्टी मिहिकाच्या चार्टशेजारी टाकली.

"हे कोणाचं?" मिहिकाने विचारलं. मराठी तिला अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं. तिने वाचलं नाही.

"तुझ्या राणीचंच असेल एखादं."

मिहिकाने एकेका चौकटीवर बोट ठेवत मोजलं. बिननावाच्या लेकीसकट सोळाच्या सोळा भरल्या.

"नो, आजी. माझे सगळे आहेत. दिस वन इज एक्स्ट्रा."

कात्रणांबरोबर तिने ती पट्टीही चुरगळली, आणि गोंदाने चिकट झालेली बोटं आईच्या ओढणीला पुसली.